सर, आमचा फॉरवर्ड आहे

रविवारी रात्री साडेदहाला फोन आला. जेवण झालेलं, मी गॅलरीत पोरांचे बिब्स, म्हणजे प्रॅक्टिसला टीम ओळखायला घालतात ती रंगीत बनियनं, वाळत घालत होतो (ते धुवायचं काम घरात दुसरं कुणी अंगावर घेत नाही, वासच तसा असतो). पलीकडून एका पालकांचा आवाज. आधी एकदम गोड, "सर जेवलासा काय," आणि मग लगेच, "तेवढं एक विचारायचं हुतं. आमचा फॉरवर्ड आहे. तुम्ही त्याला गोलकीपर का केलासा?"

म्हटलं, अहो एका हाफपुरता केला. (फॉरवर्ड म्हणजे पुढं राहून गोल मारणारा.)

"एक हाफ का असंना, चार गोल खाल्ले की त्यानं. घरात आल्यापासनं बोलेना झालाय. आणि शेजारचे इचारालेत, काय ओ, टीममधनं काढला काय म्हणून."

आता खरं सांगायचं तर मला पोरगं बोलत नाही याचं जरा वाईट वाटलं, शेजारच्यांचं काही वाटलं नाही. पण फोनवर काय समजावणार, रात्रीचे साडेदहा, हातात ओले बिब्स. उद्या बोलू म्हणून ठेवला. आणि मग झोप येईना म्हणून हे लिहायला घेतलं, गेले चार-पाच दिवस तुकड्या-तुकड्यानं लिहितोय, त्यामुळं इकडचं तिकडं झालं असेल तर समजून घ्या.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना आधी थोडं सांगायला पाहिजे. बाकी महाराष्ट्रात गल्लीत क्रिकेट असतं, आमच्याकडं पेठेत फुटबॉल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी तालमींची नावं, तालमी कुस्तीच्या, पण आज त्यातल्या बऱ्याच जणांची ओळख फुटबॉलच्या संघानं आहे. शाहू स्टेडियमवर सीझनला लोकल मॅच बघायला जेवढी माणसं येतात तेवढी मी बाहेर बऱ्याच मोठ्या मॅचलापण बघितली नाहीत. पोरगं चालायला लागलं की अंगात तालमीचा टी-शर्ट. आणि गोल मारणाऱ्याचं चौकात डिजिटल बॅनर लागतं, पेपरात नाव येतं. मागं डावीकडं राहून अडवणाऱ्या लेफ्ट बॅकचं डिजिटल लावलेलं मला तरी आठवत नाही. त्यामुळं "आमचा फॉरवर्ड आहे" हे वाक्य म्हणजे पोराच्या खेळाबद्दलचं नसतंच, ते घराबद्दलचं असतं. आमचा इंजिनिअर आहे, तसं. फक्त हा इंजिनिअर दहा वर्षांचा आहे आणि अजून बुटाची लेस त्याची आई बांधते.

त्यात २०१७ ला आपला अनिकेत जाधव भारताकडनं अंडर-१७ वर्ल्डकप खेळला. इथलं पोरगं दिल्लीत अमेरिका, कोलंबिया, घानाविरुद्ध खेळतंय हे टीव्हीवर बघताना अख्ख्या गावाची छाती फुगली होती, माझीपण. तेव्हापासून प्रत्येक बापाला घरात एक अनिकेत दिसायला लागलाय. चांगलंच आहे. पण तो वर्ल्डकपला फॉरवर्ड होता आणि नंतर आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) बऱ्याचदा विंगला, म्हणजे कडेनं, खेळलाय, हे मात्र कुणी लक्षात ठेवत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. मी बॅक होतो. का, तर सहावीत असताना वर्गात सगळ्यात उंच होतो म्हणून. शाळेच्या टीमची निवड होती, सरांनी रांगेत उभं केलं आणि बघत बघत पुढं गेले. उंच? बॅक. बारीक आणि पळतोय? विंग. जाडा? गोलात. त्या दोन मिनिटांत पुढची सहा-सात वर्षं ठरली. मी त्या सरांना नावं ठेवत नाही, त्यांच्याकडं साठ पोरं आणि दोन बॉल होते, त्यातल्या एकाची हवा जायची. पण झालं काय, की माझं काम एकच, बॉल आला की हाण. लांब हाण. जेवढा लांब जाईल तेवढ्या टाळ्या. बॉल थांबव, मान वर कर, बघ, वळ, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मला गरजपण पडली नाही कारण मी उंच होतो, दांडगा होतो, समोरचा आपोआप बाजूला व्हायचा. डावा पाय म्हणजे उजव्यानं मारताना उभं राहायला दिलेला टेकू.

मग सतराव्या वर्षी बाहेरगावी एका ट्रायलला गेलो. रात्रीची एसटी, सकाळी स्टँडवर तोंड धुऊन डायरेक्ट ग्राउंडवर. मला वाटलं अकरा-अकराची मॅच लावतील. त्यांनी वीस बाय वीस मीटरचा चौकोन आखला, चार विरुद्ध चार, दोन टचमध्ये पास, म्हणजे बॉलला दोनदाच पाय लावायचा. तिथं हाणायला जागाच नव्हती ओ. पहिला बॉल डाव्या पायावर आला, पायाखालून निघून गेला. दुसरा उजव्यानं मारला तो सवयीनं, थेट कंपाउंडपलीकडं, आणायलापण मीच गेलो. त्यानंतर मला कुणी पासच दिला नाही. आणि सगळ्यात गंमत म्हणजे तोपर्यंत माझी उंचीपण संपली होती. बाकीची पोरं चौदा-पंधराला वाढली, मी सहावीतच वाढून बसलेलो. ज्याच्या जिवावर सगळं चाललं होतं ते भांडवल सगळ्यांकडंच आलं आणि माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

ते चार-चारचं चौकोन माझ्या डोक्यातनं गेलं नाही. आता मी पतसंस्थेत नोकरी करतो आणि सकाळी सव्वासहा ते साडेसात पोरांना शिकवतो, आठ ते बारा वयाची, सव्वीस आहेत, त्यात सहा पोरी. मध्ये एआयएफएफचा (भारतीय फुटबॉल महासंघ) डी लायसन्सचा कोचिंग कोर्सपण करून आलो. आणि माझा एकच हट्ट आहे ज्यावरून फोन येतात. बारा वर्षांपर्यंत कुणाला पोजिशन, म्हणजे ग्राउंडवरची ठरलेली जागा, नाही.

त्यासाठी एक दोनशे पानी वही आहे. डाव्या बाजूला नावं, वर तारखा, आणि चौकोनात कोण कुठं खेळलं ते. प्रत्येकानं सहा मॅचेसमध्ये मागं, मध्ये, पुढं, डावीकडं, उजवीकडं आणि निदान एक हाफ गोलात खेळायचंच. पोरांना वही तोंडपाठ आहे, मी विसरलो तर तीच सांगतात. परवा एक आठ वर्षांची, आमच्यात तिला बारकी म्हणतात, येऊन म्हणाली, "सर, मी दोनदा गोलात थांबलो, आता मी पुढं जातो." (बाहेरच्यांसाठी, आमच्याकडं पोरी मी येतो, मी जातो म्हणतात, हा टायपो नाही.) वही बघितली तर तिचं बरोबर होतं.

आता हे का, ते सांगतो. एका स्पर्धेत लहान पोरांची मॅच मोठ्या ग्राउंडवर लावली होती, अकरा-अकरा. पूर्ण ग्राउंड म्हणजे साधारण १०५ बाय ६८ मीटर. गोलपोस्ट ७.३२ मीटर रुंद, २.४४ उंच, म्हणजे साडेचार फुटाचं पोरगं त्यात उभं केलं की घराच्या दारात चिमणी उभी केल्यासारखं दिसतं. वरनं मारला की गोल. मग शहाणा कोच काय सांगणार, लांबनं वर मारा. मी बाहेर बसून एकाच पोराकडं बघत राहिलो, राईट विंगचा होता, आणि त्याच्या पायाला बॉल किती वेळा लागतोय ते मोजलं. वीस मिनिटांत नऊ वेळा. त्यातले दोन थ्रो-इन, ते हातानं. उरलेला वेळ तो कंबरेवर हात ठेवून ढगं बघत होता आणि एकदा चक्क गवतातला टोळ पकडत होता. तोच पोरगा दुसऱ्या दिवशी आमच्याकडं चपलांचे गोल करून चार-चार खेळला, दहा मिनिटांत चाळीसच्या पुढं मी मोजायचं सोडून दिलं.

हे काही माझं डोकं नाही. जगात ज्यांना कळतंय त्यांनी केव्हाच बदललंय. इंग्लंडनं लहान पोरांना वयाप्रमाणं आधी पाच-पाच, मग सात-सात, मग नऊ-नऊ असं केलं, अकरा-अकरा त्याच्या पुढं. जर्मनी तर २०१८ आणि २०२२ लागोपाठ दोन वर्ल्डकपला पहिल्याच फेरीत घरी आली, आणि २०२४-२५ च्या सीझनपासून त्यांनी एकदम बारक्या पोरांना दोन-दोन किंवा तीन-तीन, चार छोटे गोल आणि गोलकीपरच नाही, असं सगळीकडं लागू केलं. गोल झाला की बाहेरचा आत, आतला बाहेर, म्हणजे कुणी कायमचा बाकावर बसत नाही. तिथंपण आरडाओरड झाली, अशानं पोरं हरायला शिकणार कशी म्हणून. वाचून बरं वाटलं, म्हटलं चला, माणसं सगळीकडं सारखीच.

चार गोल असले की काय होतं माहितीये का, पोरगं मान वर करतं. एका गोलाकडं गर्दी झाली की दुसरा मोकळा असतो, आणि ते बघायला लागतं. हे बघणं मला सगळ्यात मोठं वाटतं, पायापेक्षा. यावर माझा एक खेळ आहे. पोरगं बॉलची वाट बघत उभं असतं, मी त्याच्या पाठीमागं उभा राहून हाताची बोटं दाखवतो, आणि बॉल पायाला लागायच्या आधी त्यानं मागं मान फिरवून किती बोटं ते ओरडायचं. पहिल्या आठवड्यात सगळे अंदाजपंचे "तीन" ओरडतात. मी एकदा नुसती मूठ दाखवली तरी तीन. दीड-दोन महिन्यांनी बरोबर यायला लागतं, आणि मग मॅचमध्ये एखादं पोरगं बॉल येण्याआधी सहज मागं बघून घेतं आणि एका टचमध्ये वळून निघतं तेव्हा जे वाटतं ना, ते सांगता येत नाही. नॉर्वेचे गेयर यॉर्डेट म्हणून एक प्राध्यापक आहेत, त्यांनी इंग्लंडच्या लीगमधल्या खेळाडूंचे व्हिडिओ काढून हे मानेचंच मोजलंय, त्यात फ्रँक लॅम्पार्डची मान सगळ्यात जास्त फिरायची. तो काही वाऱ्यासारखा पळणारा नव्हता, पण मिडफिल्डर (मध्ये खेळणारा) असून गोलांचा ढीग घातला.

डाव्या पायाचं सांगतो. बुधवार डावा. त्या दिवशी उजव्या पायाचा मोजा खाली करायचा आणि उजव्यानं मारलेला गोल धरायचा नाही. पहिल्या बुधवारी इतकी बोंबाबोंब झाली की शेजारच्या वॉकिंगवाल्या आजोबांनी विचारलं काय मारामारी झाली काय. पोरं डाव्यानं मारायला जातात आणि पडतात, बॉल तिथंच राहतो. मग मी त्यांना पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडं पाठवतो. भिंतीपासून पाच पावलं, डाव्यानं मारा, परत आलेला डाव्यानंच थांबवा, न चुकता दहा. भिंतीसारखा मास्तर नाही, जसा द्याल तसा परत, चिडत नाही, फी घेत नाही. एक चष्मेवाला आहे आमच्यात, पळायला हळू, त्याच्या कुणी फारसं नादी लागत नाही. तो या भिंतीवर रोज आधी येऊन एकटा मारत बसायचा. जूनमध्ये त्याचे तीन व्हायचे, दिवाळीनंतर एकदा त्यानं सलग एकतीस केले, मोजायला अख्खी बॅच उभी होती. आता त्याला कुठल्या बाजूनं अडवायचं ते पोरांना कळत नाही. हळूच पळतो अजून, पण पळायची गरज कमी पडते.

बॉलचं एक. कृपा करून नऊ-दहा वर्षांच्या पोराला पाच नंबरचा बॉल घेऊन देऊ नका. दुकानदार तोच देतो, "मोठा झाल्यावर पण चालेल" म्हणून, आणि आपल्याकडं कपडेपण वाढत्या अंगाचे घ्यायची पद्धत. पाच नंबर म्हणजे ४१० ते ४५० ग्रॅम, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, तो मोठ्या माणसाचा. लहान पोरगं तो बोटांनी ढकलतं, पायाच्या वरच्या भागानं मारायला शिकतच नाही, नाहीतर गुडघा धरून बसतं. आठपर्यंत तीन नंबर, त्याच्या पुढं बारा-तेरापर्यंत चार नंबर. आणि हेडरची, म्हणजे डोक्यानं बॉल मारायची, प्रॅक्टिस मी घेत नाही, त्यावरूनपण टोमणे खाल्लेत. अमेरिकेत २०१५ पासून दहा आणि त्याखालच्यांना हेडर बंद, इंग्लंडनं २०२० ला प्रायमरीच्या पोरांना प्रॅक्टिसमध्ये नको म्हणून सांगितलं. डोकं आहे ओ ते, अजून त्यानं सातवीचं बीजगणित करायचंय.

वॉर्मअपला मी ग्राउंडला चकरा मारायला लावत नाही. लंगडी, खो-खो, शिवाशिवी. एका नवीन पालकांनी तर मला विचारलं होतं, सर फुटबॉल कधी सुरू करणार. अहो हाच की. लंगडी म्हणजे एका पायावर तोल, आणि फुटबॉलमध्ये प्रत्येक किक एका पायावर उभं राहूनच मारायची असते. डाव्या पायाची लंगडी ज्याला जमत नाही त्याचा उजव्यानं मारलेला शॉट हलतो, बघा कधी निरखून. खो-खोत बसल्या जागेवरनं उठून पहिल्या दोन पावलांत वेग, आणि पळणाऱ्याची ती खांबाजवळची हुलकावणी. कबड्डीत रेडर एक खांदा टाकून दुसरीकडनं निघतो, तो ड्रिबलच आहे, फक्त बॉल नाही. पूर्वी हे सगळं गल्लीत फुकट मिळायचं, झाडावर चढणं, कंपाउंडवरनं उड्या. आता गल्लीत गाड्या लागलेल्या असतात आणि पोरगं ट्यूशनमधनं डायरेक्ट टर्फवर येतं, पळतं सरळ रेषेत मस्त, पण वळायला सांगा, ट्रॅक्टर वळल्यासारखं वळतं. मी तर म्हणतो बारापर्यंत फक्त फुटबॉल खेळूच नये, उन्हाळ्यात पोहायला जावं, रंकाळ्याला सायकल मारावी.

टाचेचं पण एक आलंय लक्षात. दहा-बारा वर्षांत पोरं टाच दुखते म्हणतात, किंवा गुडघ्याच्या खाली टेंगूळ येऊन तिथं दुखतं. बाप म्हणतो नाटकं करालंय. बऱ्याचदा हाड वाढत असतं आणि तिथं ताण येतो, डॉक्टरला दाखवा, थोडी विश्रांती द्या, मलम चोळून मॅचला उभं करू नका.

आता मोठ्या अंगाच्या पोरांचं. हा मुद्दा मला जिव्हाळ्याचा आहे कारण मी स्वतः तो होतो. वयोगटाची तारीख साधारण एक जानेवारी असते, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोरगं एकाच टीमला. दहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे केवढं अंतर! निवड करणारा बघतो तो आजचा जोर, त्यामुळं जगभरात लहान गटांच्या टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीची पोरं जास्त दिसतात आणि डिसेंबरवाली गळतात, त्यांचा खेळ कमी असतो म्हणून नाही, केकवरची मेणबत्ती उशिरा लागते म्हणून. (जन्मदाखल्यात करामती करणारे वेगळेच, मिशी फुटलेला अंडर-१३ मी याचि डोळा बघितलाय.) माझ्याकडं एक आहे, अकरावं चालू, खांद्यानं ढकललं की समोरची दोन पोरं खाली. एका स्पर्धेत त्यानं चार मॅचमध्ये अकरा गोल मारले, सगळे एकाच पद्धतीचे, बॉल पुढं मारायचा आणि अंगानं घुसायचं. सगळे म्हणतात काय पोरगं आहे. मला त्याच्यात सहावीतला मी दिसतो. त्यामुळं त्याला मी मोठ्या पोरांत खेळवतो, जिथं अंग चालत नाही, किंवा दोनच टच देतो. तो वैतागतो माझ्यावर. वैतागू दे.

आणि हो, हाच तो. फोन याच्याच घरनं आलेला.

उदाहरण म्हणून मी पोरांना फिलिप लाम सांगतो. उंची १७० सेंटिमीटर, म्हणजे आपल्यासारखीच. पाय उजवा, पण कित्येक वर्षं लेफ्ट बॅकला खेळला, मग राईट बॅकला, आणि २०१३ ला ग्वार्डिओला कोच म्हणून त्याच्या बायर्न क्लबला आल्यावर त्याला उचलून मिडफिल्डमध्ये टाकला, तिथंपण तो जणू जन्मापासून तिथंच असल्यासारखा. २०१४ चा वर्ल्डकप त्याच्याच कॅप्टन्सीत जर्मनीनं जिंकला. पुढं गोल मारण्यासाठी गाजलेला वेल्सचा गॅरेथ बेल लेफ्ट बॅक म्हणून सुरू झाला होता हे सांगितलं की पोरांचा विश्वासच बसत नाही, मोबाईलवर बघून येतात.

गोलकीपरचं लोकांना सगळ्यात जास्त लागतं. पनिशमेंट वाटते. आपल्याकडं पद्धतच अशी, ज्याला काही येत नाही तो गोलात. पण १९९२ ला बॅकपास, म्हणजे आपल्याच माणसानं पायानं मागं दिलेला बॉल, गोलकीपरनं हातानं धरायचा बंद झाला, तेव्हापासून गोलकीपरला पाय लागतात, आणि २०१९ पासून गोलकिक (आपल्या गोलाजवळनं खेळ परत सुरू करायची किक) बॉक्सच्या आत आपल्याच माणसाला देता येते म्हटल्यावर तर तोच पहिला पास देणारा झालाय. दहाव्या वर्षी कायमचा गोलात टाकलेला पोरगा पायानं कच्चा राहतो आणि मग वीसाव्या वर्षी तो गोलकीपर म्हणूनपण चालत नाही. उलट बाकीच्यांनी गोलात उभं राहिल्याशिवाय त्यांना ग्राउंड दिसत नाही. पुढं असताना फक्त समोरचे दोन पाय दिसतात, मागनं बावीसच्या बावीस दिसतात, आमच्यात चौदा.

हे सगळं करताना आम्ही हरतो, ते लपवत नाही. मागच्या सीझनला एका स्पर्धेत पहिल्याच मॅचला सहा गोल खाऊन बाहेर. समोरच्यांनी सगळ्यात दांडगं पोरगं मध्ये ठेवून बॉल वर मारला, आमची पोरं छोटे छोटे पास करत करत आपल्याच गोलासमोर अडकली. त्या आठवड्यात बॅचमधनं आठ पोरं गेली, दुसरीकडं, जिथं कप येतात. एका पालकांनी स्पष्ट सांगितलं, सर तुमचं बरोबर असंल, पण आम्हाला रिझल्ट पाहिजे. मला राग आला नाही असं नाही. दोन-तीन दिवस वही काढलीच नाही, आणि एका मॅचला मीपण सगळ्यात चांगली सात पोरं जिथल्या तिथं उभी केली. जिंकलो ३-०. बारकी पूर्ण वेळ बाहेर बसली होती, पाण्याच्या बाटल्या सांभाळत, आणि घरी जाताना मला टाटा केला नाही. पुढच्या सोमवारी वही परत चालू.

तेराव्या-चौदाव्या वर्षी पोराला दोन जागा द्याव्यात असं मला वाटतं, एक त्याच्या आवडीची, एक आपल्याला दिसते ती. त्याच्या आधी काही ठरवायची घाई कुणाला आहे? पोराला तर नाही. त्याला बॉल पाहिजे आणि मॅचनंतर वडापाव.

मॅचच्या दिवशी मी अजून दोन गोष्टी करतो. एक, पालक दोरीच्या मागं, आणि टाळ्या चालतील पण "हाण, मार, सोड" चालणार नाही, कारण पोराच्या कानात एकाच वेळी बाप, चुलता आणि मी तिघं ओरडत असलो तर ते बिचारं कुणाचंच ऐकत नाही, थांबून बापाकडं बघतं आणि तेवढ्यात बॉल जातो. शाहू स्टेडियमच्या गॅलरीतल्या शिव्या पोरांच्या कानावर पडतच असतात, त्या लहान ग्राउंडवर नकोत. दुसरं, आपापसातल्या मॅचला रेफ्री पोरगंच. शिट्टी त्याच्या हातात. जो सगळ्यात जास्त रेफ्रीशी भांडतो त्याला मी पहिल्यांदा शिट्टी देतो. दहा मिनिटांत रडकुंडीला येतो आणि नंतर महिनाभर गप खेळतो.

तर त्या रविवारचं. पहिल्या हाफला आमचा अकरा गोलवाला गोलात होता आणि चार खाल्ले, त्यातले दोन त्याच्या चुकीचे, दोन कुणाच्याच नाहीत. हाफटाइमला ग्लोव्हज फेकले. मी काही बोललो नाही, पाणी दिलं. बाकीची पोरं चिडवत होती. आणि मग पाणी पिता पिता तो त्याच्या जागी पुढं खेळणाऱ्या चष्मेवाल्याला म्हणाला, "तू बॉल गेल्यावर तिथंच का उभा राहतोस रं, मध्ये केवढी जागा मोकळी राहत्या, मला हितनं दिसतंय." चष्मेवाला शांतपणे म्हणाला, "तूपण तिथंच उभा राहतोस की." बस, एवढंच. दुसऱ्या हाफला तो पुढं गेला, गोल एकपण मारला नाही, पण दोनदा परत मागं पळत आला, जे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. हे मला फोनवर सांगायचं होतं, राहून गेलं.

बुधवारी सकाळी ते वडील स्वतः आले. बाईक लावून टाकीजवळ हाताची घडी घालून उभे. बोलायला आलेत हे दिसत होतं, पण बॅच चालू, सव्वीस पोरं, मोजे खाली. मी म्हटलं जरा मदत करा, आणि त्यांना त्यांच्याच पोराच्या पाठीमागं उभं केलं, बोटं दाखवायला. त्यांना आधी कळेना. मग दोन बोटं वर केली. पोरगं न बघताच ओरडलं, "तीन!" बॉल डाव्या पायावरनं निसटून गेला. परत चार बोटं. "तीन!" तिसऱ्या वेळेला बापाचा पेशन्स संपला, "आरं मान फिरव की, मी हितं काय आरती ओवाळालोय व्हय!" सगळी बॅच हसली, पोरगंपण हसलं. सातव्या-आठव्या वेळेला त्यानं खरंच मागं बघितलं, म्हणाला एक, आणि एकच होतं.

साडेसातला निघताना त्यांनी विचारलं, "मग या रविवारी कुठं?"

वही काढली. लेफ्ट बॅक.

ते थोडा वेळ वहीकडंच बघत राहिले. मग "बरं" म्हणाले, पोराला मागं बसवलं आणि बाईकला किक मारली. पहिल्या किकला लागली नाही.